दोन रकान्यांची वही

समोरच्या घरात इंग्रज बाई राहायला आली, म्युरिएल.
तीन कोंबड्या, एक दुखरा गुडघा
आणि मधोमध रेघ मारलेली वही:
डावीकडे आमचा शब्द, उजवीकडे तिचा.
गुरुवारी दुपारी ती माझ्या मेजाशी बसते.
मी अक्रोड फोडते, ती शब्द.
टरफलं तिच्याकडे जास्त पडतात.

'फाम' म्हणजे बाई, मी सांगितलं,
आणि बायको म्हणजेसुद्धा 'फाम'.
पेन्सिल थांबली. एकच शब्द?
एकच. आमच्या लग्नात पाद्री म्हणाला,
आजपासून तुम्ही 'मारी ए फाम'.
गास्तों नवरा झाला.
मी बाई. होते तेवढीच राहिले.
म्युरिएल म्हणे, लीड्सच्या चर्चात उलटं ऐकलं मी,
'मॅन अँड वाइफ':
तो पुरुषच्या पुरुष, मी तेवढी बायको.
म्हणजे दोन्ही भाषांत लग्न एकाचंच लागतं,
इथे त्याचं, समुद्रापलीकडे तिचं.
हसता हसता तिचा चष्मा अक्रोडांत पडला.

'बेल-मेर'. सुंदर आई.
किती गोड, म्हणत तिनं लिहून घेतलं,
मग मी सांगितलं, सासू. किंवा सावत्र आई.
माझी सुंदर आई साखरेचे चौकोनी खडे मोजून
डबा कपाटात कुलपात ठेवायची.
गेली तेव्हा एकोणीस निघाले.
गास्तोंनं ते कुणाला खाऊ दिले नाहीत.

'व्येय फीय': म्हातारी मुलगी.
म्हणजे माझी बहीण लेओनी,
अडतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत, बोटाला अंगठी नाही,
एकाहत्तराव्या वर्षीही गावाची 'मादमुआझेल'.
पुढे सरकारनं तो शब्द कागदांवरून काढला,
बायकांना चौकोन एकच उरला, 'मादाम'.
चांगलंच झालं, सगळे म्हणाले.
लेओनीनं पट्टी घेतली,
शेजारी नवा चौकोन आखला
आणि त्यात खूण केली.
ती ज्याची चेष्टा सोसत आली
तो शब्द तिला विचारल्याशिवाय नेला होता.

'साज-फाम'. ती मी.
शब्दाला शब्द लावला तर शहाणी बाई.
बर्फातून सायकल ढकलत गेलेली,
तीन हजारांवर पोरं या हातांत आलेली.
आता माझ्या जागी गेरेच्या इस्पितळात
कोराँताँ नावाचा दाढीवाला पोरगा आहे,
तोही शहाणी बाईच. त्याला चालतं.
शहाणपणाचं म्हणाल तर, म्युरिएल,
निम्म्या रात्री मला काहीच कळत नसायचं.
तोंडानं म्हणायचं, छान चाललंय,
आणि मनात दिवस उजाडायची वाट बघायची.

तिनं तिच्या नवऱ्याचा जाडजूड कोश उघडला.
आमच्यात 'मिडवाइफ', म्हणाली.
'मिड' म्हणजे पूर्वी सोबत,
आणि 'वाइफ' तेव्हा बायको झालेली नव्हती,
नुसती बाई होती.
बाईच्या सोबत असलेली.
हे मला पटलं. हे मी केलं होतं.

मग 'फीय' राहिला.
मुलगी, कुणाचीही. आणि मुलगी, पोटची.
कसं ओळखता कुठली?
'माझी' लावलं की कळतं, मी म्हटलं.
ती उजव्या रकान्याकडे बघत बसली.
एक होती, म्हणाली.
बुधवार ते शुक्रवार.

नाव मी विचारलं नाही.
विचारलं, सोबत कोण होतं तेव्हा?
होती एक. हात गार होते तिचे,
सारखी माफी मागायची त्याबद्दल.
एवढंच आठवतं.
चेहरा नाही, फक्त ते गार हात.

मी अक्रोड बाजूला सारले.
रकाना तसाच राहिला.
बाहेर अंधारून आलं, कोंबड्या कोंडायच्या होत्या.
तिचा गुडघा धरला होता, म्हणून मीच गेले.
दोन लगेच आत शिरल्या.
तिसरी कुंपणाखाली बसून होती.
मीही थोडा वेळ बसले.